पुण्याची लस, गडचिरोलीचा डास

महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे एकट्या गडचिरोली जिल्ह्यातून नोंदला जातो, आणि भामरागड, एटापल्ली, धानोरा यांसारख्या जंगलव्याप्त तालुक्यांत प्राबल्य असते ते फाल्सिपेरम या मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकणाऱ्या जातीचे. त्याच राज्यात, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर-२१ ही हिवतापाची लस तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली आणि आफ्रिकेतील बालकांना ती दिलीही जाऊ लागली. मग पुण्याची लस भामरागडला का नाही, हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर शासनाच्या इच्छाशक्तीत शोधण्यापूर्वी परजीवीच्या अंगावरील प्रथिनांत शोधावे लागते, कारण ही लस नेमके काय अडवते आणि काय अडवत नाही हे तिथेच ठरलेले आहे.

हिवतापाच्या परजीवीला दोन पोशिंदे लागतात, आणि त्यांच्या शरीरांत तापमान, पेशी, संरक्षणव्यवस्था यांपैकी काहीच सारखे नसते. डासाच्या लाळेतून माणसाच्या त्वचेत उतरणाऱ्या सुईसारख्या लांबट रूपाला स्पोरोझोइट म्हणतात आणि त्याचे सर्व अंग सर्कमस्पोरोझोइट या एकाच प्रमुख प्रथिनाने झाकलेले असते. हे आवरण केवळ माणसासाठी नाही. उंदरांच्या हिवतापावर झालेल्या प्रयोगांत, १९९७ साली, या प्रथिनाचे जनुक काढून टाकले असता डासाच्या जठराच्या भिंतीवरील पुटिकेत स्पोरोझोइट तयारच होईनासे झाले. म्हणजे डासातली वाढ आणि माणसातला प्रवेश ही दोन्ही कामे एकाच रेणूकडे आहेत. तो ती कशी पार पाडतो हे अधिक विलक्षण आहे. डासात आणि पुढे माणसाच्या त्वचेत या प्रथिनाचे पुढचे टोक मागच्या चिकट भागावर दुमडून राहते, त्यामुळे परजीवी वाटेत कुठे अडकत नाही. यकृताशी पोहोचल्यावर तेथील पेशींवरच्या गंधकयुक्त शर्करासाखळ्यांचा स्पर्श होताच परजीवीचेच एक विकर ते टोक छाटते, चिकट भाग उघडा पडतो आणि यकृतपेशीत शिरकाव होतो. ट्रॅप नावाचे दुसरे पृष्ठप्रथिन त्याला सरकण्याची गती देते. ते नसेल तर स्पोरोझोइट ना डासाच्या लाळग्रंथीत शिरू शकतो, ना यकृतात.

आर-२१ लस ही याच आवरणाचा, त्यातील चार अमिनो आम्लांच्या पुनरावृत्त साखळीचा, तुकडा घेऊन बनवली आहे. बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानिया येथील सुमारे ४,८०० बालकांवर तिची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी झाली, आणि जिथे हिवतापाच्या हंगामाआधी लस दिली गेली तिथे पहिल्या वर्षात आजाराचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. हे यश मोठे आहे, आणि ज्या प्रदेशात मृत्यू प्रामुख्याने पाच वर्षांखालील बालकांचे होतात तिथे ते निर्णायकही ठरेल. पण या लसीचा पहारा त्वचा ते यकृत एवढ्याच वाटेवर आहे. जो स्पोरोझोइट निसटून यकृतात पोहोचला त्याची प्रजा रक्तात उतरल्यावर अंगावर वेगळीच प्रथिने घेऊन येते, आणि तिथे ही लस निरुपयोगी ठरते. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीवर तर तिचा अंमलच नाही.

रक्तातील टप्प्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, फाल्सिपेरम तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर आपले एक प्रथिन उभे करतो, त्यायोगे ती पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटते, आणि मेंदूचा हिवताप होतो तो अशा चिकटलेल्या पेशींमुळे. गडचिरोलीच्या माडिया-गोंड समाजात सिकलसेलचे जनुक बरेच आढळते, आणि ज्यांना हे जनुक एकाच पालकाकडून मिळालेले असते त्यांच्या पेशींवर हे प्रथिन नीट उभे राहत नाही, म्हणून त्यांना गंभीर हिवतापापासून काही संरक्षण मिळते. दोन्ही पालकांकडून ते मिळालेल्या मुलांना त्याची जबर किंमत मोजावी लागते, हे इथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

गडचिरोलीचा खरा पेच मात्र परतीच्या वाटेवर, म्हणजे माणसाकडून डासाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. रक्तातील काही परजीवी नर-मादी रूप धारण करतात, त्यांना गॅमेटोसाइट म्हणतात. डासाने रक्त शोषल्यावर, तापमान उतरताच, ती डासाच्या जठरात पक्व होतात आणि त्यांचे मीलन होते. या मीलनासाठी लागणारी पी-४८/४५ आणि पी-२३० ही प्रथिने माणसाच्या रक्तात असतानाच तयार होतात, तर पी-२५ हे प्रथिन डासात गेल्यावरच अंगावर येते. पी-४७ हे आणखी एक प्रथिन परजीवीला डासाच्या प्रतिकारव्यवस्थेपासून लपवते, आणि त्याचे रूप खंडागणिक बदलते, कारण निरनिराळ्या प्रदेशांतील अॅनोफिलिसच्या जाती निरनिराळ्या आहेत. इथल्या दोन मुख्य वाहक जातींपैकी क्युलिसिफेसीस धानाच्या बांधीत आणि साचलेल्या पाण्यात वाढते, फ्लुव्हिएटिलिस डोंगरउतारावरच्या संथ ओढ्यांत. आणि क्युलिसिफेसीसच्याही पाच उपजातींपैकी ब उपजाती हिवताप जवळजवळ पसरवत नाही. म्हणून शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही-मूल भागातील धानपट्ट्यात किंवा भामरागडच्या पर्लकोटा नदीच्या काठी नुसते अॅनोफिलिस मोजणे पुरेसे नाही, कोणती उपजाती चावते हे पाहिले पाहिजे.

ही परतीची वाट इतकी महत्त्वाची ठरते याचे कारण शेजारच्या बस्तरने दाखवले. छत्तीसगड शासनाने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलेल्या मलेरियामुक्त बस्तर अभियानात घरोघरी रक्त तपासले गेले तेव्हा बाधित आढळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना ताप नव्हता. इंद्रावती नदीच्या अलीकडचे, गडचिरोलीतले जंगल आणि तिथली माणसे वेगळी नाहीत. ताप नसलेला प्रौढ आरोग्य केंद्रात येत नाही, मोह वेचायला किंवा तेंदूपत्त्याच्या फडीवर जातो, उघड्यावर झोपतो आणि डासाला गॅमेटोसाइट पुरवत राहतो. बालकांसाठी घडवलेली लस या साठ्याला हातही लावत नाही.

डासातील मीलन रोखणारी लस त्यावर उपाय ठरू शकते. अशा लसीने माणसाच्या रक्तात निर्माण झालेले प्रतिपिंड रक्तासोबत डासाच्या जठरात जातात आणि तिथे काम करतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या भुवनेश्वर येथील केंद्राने अॅडफॅल्सिव्हॅक्स या लसीत स्पोरोझोइटचे आवरण आणि मीलनाची दोन प्रथिने एकत्र बांधली असून तिच्या उत्पादनासाठी परिषदेने जुलै २०२५ मध्ये कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. त्या वेळी तिच्या मानवी चाचण्या व्हायच्या होत्या. निव्वळ मीलन रोखणाऱ्या लसीत एक नैतिक गुंता आहे, कारण ती घेणाऱ्याला स्वतःला वाचवत नाही, त्याच्या शेजाऱ्याला वाचवते, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक सुईकडे साशंकतेने पाहणाऱ्या पाड्यात हे समजावणे सोपे नाही. आवरणाचे प्रथिन सोबत जोडण्यात म्हणूनच मोठे शहाणपण आहे. तिच्या चाचण्यांची ठिकाणे ठरतील तेव्हा गडचिरोलीचा विचार आधी व्हावा, मात्र संमती माडिया भाषेत, ग्रामसभेसमोर, घाई न करता घेतली जावी.

देशाने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले आहे आणि तोवर ही लस हाती येईल असे गृहीत धरून चालणार नाही. गॅमेटोसाइट मारणारे औषध मात्र आजच उपलब्ध आहे. फाल्सिपेरमच्या रुग्णाला आर्टेसुनेटयुक्त उपचाराच्या दुसऱ्या दिवशी प्रायमाक्वीनची एक मात्रा द्यावी, गर्भवती व एक वर्षाखालील बालके वगळावीत, असा राष्ट्रीय नियम आहे. पहिल्या दिवसाच्या गोळ्यांनी ताप उतरू लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी रानात निघून जातो आणि नेमकी ही मात्रा चुकते. आशा कार्यकर्तीने ती समोर उभे राहून गिळवावी, त्यासाठी तिला फडीपर्यंत जाण्याचा प्रवासखर्च आणि मोबदला वेळेवर मिळावा, आणि बस्तरप्रमाणे ताप नसलेल्यांचेही रक्त पावसाळ्यापूर्वी तपासले जावे. पुण्याच्या लसीची मागणी करण्याआधी जिल्हा प्रशासनाकडे या तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा.