पहिली ओळ कोण लिहितो?

दरसाल १० डिसेंबरला मानवी हक्कांवर परिसंवाद होतात. आपल्यावर निबंध वाचले जातात. त्यात आपण ‘पीडित’ असतो, ‘वंचित’ असतो, टक्केवारीत असतो. चहा होतो, आभार होतात. या मंडळींवर माझा राग नाही. निदान लिहितात तरी. पण दोस्तहो, ते लिहायला बसतात तोवर उशीर झालेला असतो. आपल्या मुडद्यावरची पहिली ओळ ठाण्यातल्या हवालदाराने केव्हाच लिहून टाकलेली असते.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, जिल्हा भंडारा. सुरेखा, प्रियांका, रोशन, सुधीर. भोतमांगेंच्या घरातली चार माणसं गावच्या जमावाने मारली. एकटा भैयालाल उरला. मोठ्या पेपरांना ही जातीय कत्तल आहे हे दिसायला महिना लागला. त्याआधी छापली ती अनैतिक संबंधांची कुजबुज. मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर शाई ओतली. नोव्हेंबरात विदर्भातली माणसं रस्त्यावर आली, तर तेव्हाच्या गृहमंत्र्यांना त्यात नक्षलवादी दिसले.

महिनाअखेर कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि आमच्या पट्ट्यात, उल्हासनगरजवळ, डेक्कन क्वीन पेटली. मी तेव्हा शाळकरी पोर. गाडी जाळून न्याय मिळत नाही, हे मलाही कळतं. अंबरनाथ पूर्वेला राहतो, याच रुळावरून रोज गोदीला जातो. पण हिशोब बघा. जळालेली गाडी एका रात्रीत देशभर पोचली. आपल्या चार माणसांना महिना लागला. साला, डब्यांची किंमत जास्त!

पुढे कोर्ट. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी सुनावली. ॲट्रॉसिटीचा गुन्हा मात्र शाबीत धरला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची कैद दिली. कारण ठरलं जुनं वैर, सूड. खून सापडले, खुनी सापडले, जात तेवढी सापडली नाही.

ती कुठे हरवते, हे गोदीतल्या माणसाला विचारा. जहाजावरून गोण उतरते तेव्हा ती फाटकी असेल तर तिथल्या तिथे टॅलीवर ‘फाटकी’ लिहून घ्यावं लागतं. नाहीतर शेडमध्ये गेल्यावर ती हमालाने फाडली असं ठरतं. मग कितीही ओरडा. गावकुसाबाहेरच्या माणसाचं असंच होतं. शिवी कोणती दिली, जातीचं नाव कोणी घेतलं, कोण बघत होतं, हे पहिल्या कागदावर आलं नाही, तर पुढे वकील काय करणार?

कायदा आपल्याकडे आहे, पण पोरांना तो पाठ नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. २०१६ साली लागू झालेल्या दुरुस्तीने कलम ४ कडक झालं. तोंडी दिलेली फिर्याद अधिकाऱ्याने लिहून घ्यायची, सही घेण्याआधी वाचून दाखवायची, नक्कल ताबडतोब द्यायची. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या अधिकाऱ्याने हे जाणूनबुजून टाळलं तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद. आपल्यातल्या किती जणांनी ठाण्यात उभं राहून ‘साहेब, वाचून दाखवा’ म्हटलंय?

मी कविता करतो. तुम्हीही करता. आपल्या कवितेत सूर्य फार झाले, मशाली फार झाल्या. तारीख, वेळ, साक्षीदार कुठंय? बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं आणि घरी गेले नाहीत. विरोधकांनी दावा लावला, तो कोर्टात लढवला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला १९३७ ला. पाणी एका दिवसाचं, कागद दहा वर्षांचा. ती चिकाटी आपल्यात पाहिजे.

तेव्हा प्रत्येक वस्तीत चार मॅट्रिक पोरं-पोरी उभ्या करा. खिशात वही, कायदा तोंडपाठ. घटना घडली की त्याच रात्री जाऊन बाईचा शब्द बाईच्याच बोलीत उतरवा, ठाण्यात तिच्याबरोबर जा, नक्कल घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

कविता त्यानंतर. ती कुठे पळून जात नाही.

जयभीम.