निकची दलदल आणि आमचा एकांत

गेल्या वर्षी एका चर्चासत्रात हेमिंग्वेच्या 'बिग टू-हार्टेड रिव्हर' या कथेवर एक निबंध वाचला गेला. निबंध नेहमीच्याच वळणाचा होता. युद्धावरून परतलेला निक ॲडम्स, मिशिगनचे अरण्य, नदी, ट्राउट मासे आणि या साऱ्यांच्या सान्निध्यात त्याला गवसलेला 'एकांत'. निबंध संपल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण आपण कुठे जातो आहोत हे त्याने कुणालाच सांगितलेले नाही. पाण्यात पाय मोडला असता तर?" सभागृह हसले. निबंधवाचकांनीही हसून उत्तर दिले की हा प्रश्न बालवीरांच्या हस्तपुस्तिकेतला आहे, साहित्यातला नव्हे.

त्या हसण्यात मीही सामील होतो, हे आधीच कबूल केलेले बरे. आज मात्र मला वाटते की त्या दुपारी कथेविषयी विचारला गेलेला तो एकमेव प्रश्न होता. बाकी सारे 'एकांत' या शब्दाविषयी चालले होते.

ही कथा १९२५ साली प्रथम 'धिस क्वार्टर' या नियतकालिकात आली व त्याच वर्षी 'इन अवर टाइम' या संग्रहात समाविष्ट झाली. ती पुन्हा एकदा, परंतु 'निसर्गाशी तादात्म्य' हे शब्द बाजूला ठेवून वाचावी. तिच्यात काय आहे? तंबूसाठी जमीन सपाट करणे. मुळे उपटून काढणे. खुंट्या जमिनीत खोल ठोकणे. तंबूच्या तोंडाला डास येऊ नयेत म्हणून जाळीदार कापड लावणे. शिधा असलेली पिशवी पाइनच्या खोडात ठोकलेल्या खिळ्याला टांगून जमिनीपासून वर ठेवणे. पहाटे दव असताना, नाकतोडे थंडीने जड झालेले असतात तेव्हा, आमिषासाठी ते पकडून बाटलीत भरणे. निक काय अनुभवतो याहून तो काय करतो यालाच तिथे जागा अधिक आहे. मोठा ट्राउट दोरी तोडून निसटतो, निकचा हात थरथरू लागतो, आणि तेव्हा तो लगेच दुसरा गळ टाकत नाही. ओंडक्यावर जाऊन बसतो, अंग सावरेपर्यंत थांबतो. हे सारे स्वतःला सांभाळणाऱ्या माणसाचे वर्तन आहे. ज्याला आपल्या शरीराचा आणि मनाचा भरवसा उरलेला नाही असा माणूस आपल्याभोवती एकेक कुंपण घालत चालला आहे, आणि समीक्षक मात्र त्याला मुक्त झालेला म्हणून नाचवीत आहेत.

आता त्या प्रसिद्ध दलदलीकडे येऊ. कथेच्या शेवटी नदी सीडर वृक्षांच्या दलदलीत शिरते आणि निक आत जायचे टाळतो. या दलदलीवर किती शाई सांडली आहे! ती युद्धाची आठवण आहे, ती अबोध मन आहे, ती मृत्यू आहे. असेलही; हेमिंग्वेने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे की ही कथा युद्धावरून परतण्याची आहे आणि तिच्यात युद्धाचा उल्लेख नाही. पण निक स्वतःशी जी कारणे मांडतो ती वाचा ना. पाणी खोल आहे, काखेपर्यंत येईल. फांद्या खाली झुकलेल्या आहेत. अशा जागी मोठा मासा गळाला लागला तर तो काठावर घेता येणार नाही. नदीत एकट्याने उतरणाऱ्या माणसाने घ्यावा असा हा अगदी नेमका निर्णय आहे. या निर्णयावाचून दलदलीचे प्रतीक उभेच राहत नाही, कारण पाणी खरोखर काखेपर्यंत आहे म्हणूनच भीतीला तिथे बसायला जागा मिळते. खोली पुसून टाकून प्रतीक शिकवणारा शिक्षक विद्यार्थ्यांच्या हाती रिकामे टरफल देतो.

आणि एकांताविषयी म्हणाल तर तो हेमिंग्वेच्या वाट्याला आलाच नव्हता. १९१८ च्या जुलैत इटलीच्या आघाडीवर त्याचे पाय जखमी झाले. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, तो मिशिगनच्या उत्तरेकडील द्वीपकल्पात सेनी गावाजवळच्या फॉक्स नदीवर मासेमारीला गेला, तो दोन मित्रांसोबत. कथा लिहिताना त्याने मित्र काढून टाकले आणि दुसऱ्या नदीचे नाव उसने घेतले. लेखक म्हणून तो त्याचा अधिकार आहे, आणि कथेला त्याची गरजही होती. माझे भांडण हेमिंग्वेशी नाही. लेखकाने कथेसाठी केलेली वजाबाकी आपण जीवनाचे मूल्य म्हणून वर्गात खपवतो, भांडण त्याच्याशी आहे. गळाने मासे धरण्याच्या वाङ्मयाचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव घेतात त्या आयझॅक वॉल्टनचा १६५३ चा ग्रंथ तर संवादरूपच आहे. त्यात मासेमार बोलतो आणि शिकारी ऐकतो. सोबत ही त्या परंपरेला कधीच कमीपणाची वाटली नव्हती.

माझे हसणे मला का बोचले, तेही सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी, नुकताच अध्यापनाला लागलो असताना, भंडारदऱ्याच्या बाजूला एका ओढ्यावर मी गळ घेऊन एकटाच गेलो होतो. घरी सांगितले नव्हते. मुद्दाम सांगितले नव्हते. सांगून गेल्याने काहीतरी उणे होईल, तो एकांत राहणार नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला आणि घोटा दोन दगडांच्या मध्ये अडकला. पाणी मांडीपर्यंतच होते. सुमारे पाऊण तासाने एक गुराखी आला व त्याने दगड हलवला. त्या पाऊण तासात मला कोणताही साक्षात्कार झाला नाही. पाऊस सुरू होईल का, एवढाच विचार मनात होता.

तेव्हा त्या मुलीचा प्रश्न हस्तपुस्तिकेतला असेल तर हस्तपुस्तिका उघडू या. निकसारख्या माणसाला खरा धोका कशाचा? पहिला पाण्याचा. थंड पाण्यातील बचावाविषयी शिकवताना एक साधा हिशेब सांगतात: अकस्मात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातापायांनी काही उपयोगाचे करता येईल अशी सुमारे १० मिनिटे, आणि शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण १ तास. सोबती असेल तर ती १० मिनिटे दोघांची असतात. छातीपर्यंतची रबरी विजार घालून उतरणाऱ्याने कमरेला पट्टा आवळावा, म्हणजे पडल्यावर पाणी आत भरण्याचा वेग कमी होतो. काठीने पुढचा तळ चाचपावा. कुठे जातो व कधी परतणार हे कुणाला तरी लिहून द्यावे. उपग्रहाला हाक देणारी वैयक्तिक संकटसूचक यंत्रे अमेरिकेत २००३ पासून सर्वत्र वापरता येतात. पण चिठ्ठी त्याहून जुनी आहे आणि तिला विजेरी लागत नाही.

दुसरा धोका अस्वलाचा. तो पाण्याहून कितीतरी विरळा आहे, पण कल्पनेत मोठा. इथे वाङ्मयाच्या अभ्यासकाने कान टवकारावेत असे काही आहे. स्टीफन हेरेरो व सहकाऱ्यांनी १९०० ते २००९ या काळात उत्तर अमेरिकेत काळ्या अस्वलांनी घेतलेल्या बळींचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. ५९ घटना, ६३ मृत्यू. त्यांतील ९१ टक्के घटनांत माणूस एकटा होता किंवा फार तर दोघे होते. आणि आपण सारे ज्या 'पिल्लांसोबतच्या मादी'ला घाबरतो ती बहुतेक वेळा गुन्हेगार नव्हती. बहुसंख्य हल्ले शिकारीच्या हेतूने आलेल्या, प्रौढ, एकट्या नराचे होते. फुत्कारणारे, जमिनीवर पंजे आपटणारे काळे अस्वल बहुधा "दूर हो" एवढेच सांगत असते. मुकाट्याने मागून येणारे अस्वल वेगळे. त्याच्यापुढे मेल्याचे सोंग घ्यायचे नाही, हाती येईल त्याने लढायचे. वाहत्या पाण्याच्या आवाजात माणसाची चाहूल अस्वलाला लागत नाही आणि अस्वलाची माणसाला. म्हणून वळणावर बोलत जावे, टाळी वाजवावी. एकांतप्रेमींना हे रुचणार नाही, मला कल्पना आहे.

आणि बंदूक? स्वसंरक्षण म्हटले की अमेरिकन कल्पनाशक्ती आधी तिकडेच धावते. टॉम स्मिथ, हेरेरो आदींनी २००८ मध्ये अलास्कातील १९८५ ते २००६ पर्यंतच्या, मिरचीचा फवारा वापरलेल्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा आणि काळ्यांच्या बाबतीत ९० टक्के वेळा फवाऱ्याने अस्वलाचे नको ते वर्तन थांबले. २०१२ मध्ये त्यांनीच बंदुकीच्या २६९ घटना पाहिल्या. बंदूक चालवली वा न चालवली, परिणामांत फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यासांतील घटना वेगळ्या आहेत, त्यांची थेट तुलना करू नये, हे खरे. तरीही फवारा पिशवीच्या तळाशी न ठेवता कमरेला, हात पडेल तिथे हवा, एवढे कळायला तुलना लागत नाही. निकजवळ कुऱ्हाड आहे, पाठपिशवी आहे, गळाच्या काठीची चामडी पेटी आहे. बंदूक नाही. वीरकथा म्हणून ही कथा वाचणाऱ्यांनी ही गोष्टही कधी टिपलेली माझ्या पाहण्यात नाही.

परंतु त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न होता आणि तो आम्हा पुरुषांना ऐकूच आला नाही. निक झोपतो तेव्हा त्याला डासाची काळजी असते. रात्री तंबूकडे कुणी माणूस येईल याची नसते. त्याच्या जागी ती असती तर कथेचे पहिलेच पान बदलले असते. आमच्या अभ्यासक्रमांत अमिताव घोष यांची 'द हंग्री टाइड' (२००४) अनेक ठिकाणी आहे. तिथे पिया सुंदरबनात एकटी जाते, आणि वाघ वा मगर दिसण्याच्या कितीतरी आधी तिला त्रास होतो तो लाँचवरच्या पुरुषांचा, तिला 'संरक्षण' म्हणून दिलेल्या रक्षकासकट. ती त्यातून सुटते ती फोकीरच्या नावेत. या फोकीरलाही आम्ही 'निसर्गपुत्र' करून टाकले आहे. खेकडे धरायला निघताना त्याच्या नावेत त्याचा लहान मुलगा असतो, हे विसरून.

ज्यांचे पोट जंगलातल्या पाण्यावर आहे त्यांना एकटेपणाचा हा सोस परवडतच नाही. सुंदरबनातले लोक टोळीने जातात, जाण्यापूर्वी बोनबीबीला स्मरतात. वाघ मागून झडप घालतो या निरीक्षणावरून तिथे १९८६ च्या सुमारास डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधण्याचा प्रयोग झाला. भीतीतून आलेली ती युक्ती आहे, आणि तिच्यात निसर्गाचे जे वाचन आहे ते आमच्या 'तादात्म्या'त नाही. आम्ही मात्र लोककथा म्हणून बोनबीबी घेतो आणि मुखवटा वनखात्याच्या अहवालात सोडून देतो.

येत्या सत्रात ही कथा पुन्हा माझ्याकडे शिकवायला आहे. दलदलीवरचा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येणारच, तो कुणी काढू देणार नाही. मी मुलांना एवढेच सांगणार आहे की उत्तरात युद्ध येऊ द्या, अबोध मन येऊ द्या, पण त्याआधी पाणी कुठपर्यंत आले असते ते लिहा. आणि त्या विद्यार्थिनीला, ती अजून त्या महाविद्यालयात असेल तर, एक पत्र लिहायचे राहिले आहे.