दप्तर कोणाच्या बापाचे?

आपल्या गल्लीतील गटार कोणी बांधले, त्याला किती रुपये मंजूर झाले, त्याचे मोजमाप कोणी घेतले आणि बिल कोणत्या तारखेला निघाले, हे विचारण्याचा अधिकार कोणाला आहे? हा प्रश्न निलंग्याच्या बाजारात उभे राहून दहा जणांना विचारावा. एक म्हणेल, नगरसेवकाला. दुसरा म्हणेल, वकिलाला. तिसरा आवाज खाली आणून सांगेल, "कशाला नसत्या भानगडीत पडता?" "मी घरपट्टी भरतो, म्हणून मला आहे," असे छाती पुढे काढून सांगणारा दहांत एक भेटला, तरी आम्ही त्याच्या तोंडात साखर घालू!

वाचकहो, या मुलखाला दप्तराची भीती नवी नाही. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, गावदप्तराची लिपी मोडी, आणि कुणब्याच्या हातात काय, तर फक्त अंगठा! कागदावर काय लिहिले आहे हे न कळता तो उमटवायचा आणि मग पिढ्यान्‌पिढ्या त्याची फेड करायची. लेखणीच्या एका फटकाऱ्याने शेताचा बांध सरकत असे. जोतीरावांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा आसूड' या ग्रंथात ज्या कारकुनी लुटीवर कोरडे ओढले, ती हीच. शाहू छत्रपतींनी १९१८ साली कोल्हापुरात कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, तेही याच कारणाने. ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती गाव, हे त्या दोघांनी नेमके ओळखले होते.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी गेली. आज कचेरीची भाषा मराठी आहे, लिपी बाळबोध आहे आणि खुर्चीवर पुष्कळदा आपल्याच बहुजनांचा शिकलेला मुलगा बसलेला आहे. मग दप्तर का उघडत नाही? कारण उघड आहे. किल्लीवाला बदलला, कुलूप तेच राहिले! काल जो कुलकर्ण्याच्या ओसरीवर ताटकळत उभा होता, त्याचाच नातू आज टेबलामागे बसून स्वतःच्या चुलत्याला "उद्या या" म्हणून सांगतो. भिक्षुकशाही नुसती जानव्यात राहत नाही, ती कुलपातही राहते. आमच्या जातीचा माणूस कुलूप लावून बसला म्हणजे ते कुलूप पवित्र होते काय?

निलंग्याच्या नगरपरिषदेवर आम्ही येथे कोणताही आळ घेत नाही. आमचे म्हणणे राज्यातील प्रत्येक लहान नगरपरिषदेला लागू आहे. जिचा कारभार स्वच्छ असेल तिला दप्तर उघडे ठेवण्यात तोटा नाही, आणि जिला त्यात तोटा वाटतो तिच्याविषयी आम्ही वेगळे काय सांगावे?

माहितीचा अधिकार कोणा साहेबाने दान म्हणून दिलेला नाही. स्वीडन देशाने सरकारी कागद प्रजेला पाहू देण्याचा कायदा १७६६ साली केला. आमच्याकडे त्यासाठी राजस्थानातील मजुरांना उन्हात बसावे लागले. १९९४ पासून त्यांनी जाहीर सुनावण्या भरवल्या आणि हजेरीपट व बिले चारचौघांत मोठ्याने वाचली. कधी कामावर न गेलेल्यांच्या नावे मजुरी लागलेली निघाली. १९९६ साली ब्यावर गावात चाळीस दिवस धरणे झाले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून सगळ्या देशाचा कायदा अमलात आला. निरक्षर मजुरांना कळले ते आमच्या पदवीधरांना कळू नये, याला काय म्हणावे?

आता टेबलापुढे ऐकू येणाऱ्या सबबी घेऊ. "कशासाठी पाहिजे?" कायद्याचे कलम ६ सांगते की अर्जदाराला कारण विचारता येत नाही. "तुम्हाला अर्ज लिहिता येत नाही." मग तोंडी सांगितलेले लिहून घेण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचेच काम आहे. "हे आमच्याकडे नाही." मग ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे अर्ज पाच दिवसांत पाठवावा. अर्जाची फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही माफ. उत्तराची मुदत तीस दिवस. मुदत टळली तर पुढे माहिती फुकट द्यावी लागते, आणि विनाकारण उशीर करणाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो.

राहिली सर्वांत लाडकी सबब: "फाईल सापडत नाही." ठेकेदाराचे बिल काढताना जी फाईल धावत येते, ती नागरिकाने मागताच कोठे बरे दडी मारते? महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा २००५ सालापासून आहे. बेकायदा कागद नष्ट करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तेव्हा "सापडत नाही" असे कोणी म्हटले, तर तेच वाक्य सहीशिक्क्यानिशी लेखी मागावे. पुष्कळ फाईली तेवढ्याने सापडतात!

सरकारचीही गंमत पाहा. २०१२ साली राज्याने नियम केला की एका अर्जात एकच विषय असावा आणि तो दीडशे शब्दांत संपावा. बिलाला पानांची मर्यादा नाही, भाषणाला तासांची नाही. मर्यादा फक्त विचारणाऱ्याच्या तोंडाला! उत्तर मिळाले नाही तर त्याच कचेरीतील वरिष्ठाकडे पहिले अपील, आणि तेथेही दाद लागली नाही तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आमच्यासाठी आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, निलंग्याहून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. जून २०२३ अखेर राज्याच्या आयोगापुढे लाखाहून अधिक अपिले व तक्रारी पडून होत्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्याने केली तो बिचारा फार आशावादी होता.

त्यातच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ ला कात्री लावली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती लागूही झाली. पूर्वी खासगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावे लागे. आता "ही वैयक्तिक माहिती आहे" एवढे म्हटले की दार लावण्याची सोय झाली. घरकुलाच्या यादीतील नाव वैयक्तिक, ठेकेदाराचे नावही वैयक्तिक! मग सार्वजनिक काय उरले? फक्त आमची घरपट्टी? तरी ध्यानात ठेवा, त्याच कलमातील दुसरे पोटकलम शिल्लक आहे. लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते. अर्जात त्या पोटकलमाचा उल्लेख करून लोकहित कोणते, हे स्पष्ट लिहावे.

"माहिती मागणारे खंडणी उकळतात," अशी हाकाटी ऐकू येते. असे उकळणारे आहेत, हे आम्ही नाकारत नाही. परंतु खंडणी कशाची मिळते? झाकलेल्या कागदाची. जो कागद भिंतीवर लावलेला आहे तो दाखवण्याची धमकी देऊन कोणाला चार आणे तरी मिळतील काय? कायद्याचे कलम ४ तर न मागता सतरा बाबी प्रसिद्ध करा म्हणून सांगते. ते पाळले की खंडणीखोराचे दुकान आपोआप बंद पडते. स्वतः अंधार ठेवायचा आणि चोर फार झाले म्हणून बोंब मारायची, हा कोठला न्याय?

दुसरे भय खरे आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तळेगाव दाभाडे हे निलंग्यासारखेच नगरपरिषदेचे गाव. तेथील सतीश शेट्टी यांनी माहिती अधिकारात जमिनीचे व्यवहार उघडे केले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास निघाले असता त्यांचा खून झाला. एकटा माणूस विचारतो तेव्हा त्याचे नाव, घर आणि फिरण्याची वेळ सर्वांना ठाऊक होते. पन्नास माणसे तोच प्रश्न विचारतात तेव्हा कोणाकोणाची वेळ पाहणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, एकट्याने जाऊ नका आणि चोरून जाऊ नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला की जिल्हा पातळीवरील व खालच्या कचेऱ्यांत, नगरपालिकांतसुद्धा, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकाला कागद पाहू द्यावेत. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. एका प्रभागातून पाच जण निघावे. त्यात एक बाई असावी, कारण नळाला पाणी किती वेळ येते हे तिला ठाऊक असते. एक बांधकामावरचा गवंडी असावा आणि एक कॉलेजातला मुलगा.

काय मागावे? एका रस्त्याचे पाच कागद: मंजुरीचा ठराव, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि बिल. मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची लांबी, रुंदी व जाडी लिहिलेली असते, आणि रस्ता तर बाहेरच पडलेला असतो. गवंड्याने टेप लावावा, मुलाने आकडे लिहून घ्यावेत. हिशोब जुळला तर नगरपरिषदेचे चारचौघांत अभिनंदन करावे. जुळला नाही तर अर्ज करून वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागावा; कायद्याने तोसुद्धा मिळतो. उन्हाळ्यात टँकरच्या खेपांची नोंद पाहावी. २०१६ साली ज्या जिल्ह्याला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे पाण्याच्या खेपेचा हिशोब म्हणजे मीठभाकरीचा हिशोब आहे.

राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर २०२५ च्या डिसेंबरातील निवडणुकांपर्यंत कित्येक वर्षे प्रशासकांचा अंमल होता. त्या काळात सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी नव्हते, पण पैसा खर्च होतच होता. त्या वर्षांचे ठराव आणि बिले आधी पाहावीत, आणि नव्या नगरसेवकांनीही ती स्वतःहून लोकांपुढे ठेवावीत. पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असताना, लॉर्ड लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याच्या ठरावाला एकट्या जोतीरावांनी विरोध केला होता. जोतीरावांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या आमच्या नगरसेवकांनी कोणत्या खर्चाला हात वर केला आणि कोणत्या खर्चाला खाली ठेवला, हे इतिवृत्तात लोकांना दिसू द्यावे.

निलंगेकर बंधूंनो आणि भगिनींनो, दप्तर आपल्या पैशाने लिहिले गेले आहे. त्याचा कागद, शाई, कपाट आणि कपाटाचे कुलूपसुद्धा आपल्या घरपट्टीतून आले आहे. येत्या सोमवारी तीन वाजता ते उघडून पाहा.