विश्लेषण : डब्यावर ‘२००० वॉट’, पण गाडीत किती? सबवूफरचं गणित आणि नवी मुंबईतल्या आवाजाचा प्रश्न

रात्रीचे साडेदहा-अकरा वाजलेले असतात. नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गालगतच्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांना या वेळचा एक आवाज चांगलाच ओळखीचा आहे. गाणं कोणतं ते कळत नाही, शब्द ऐकू येत नाहीत. फक्त ‘धम्... धम्...’ असा ठोका येतो, खिडकीची काच थरथरते आणि सिग्नल सुटला की तो ठोका नेरुळच्या दिशेने निघून जातो. हा असतो कुठल्या तरी गाडीच्या डिक्कीतला सबवूफर.

हौशी मंडळींसाठी सबवूफर म्हणजे गाडीतल्या गाण्याचा जीव. शेजाऱ्यांसाठी ती डोकेदुखी. पण दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. सबवूफर किती वाजेल, गाडीला किती धोका निर्माण करेल आणि तक्रार झाली तर पोलिसांच्या यंत्रावर किती आकडा दिसेल, यातलं काहीच डब्यावर छापलेल्या वॉटवरून ठरत नाही. मग कशावरून ठरतं?

डब्यावरचा आकडा खरा का नसतो?

बाजारात मिळणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर ‘२००० वॉट मॅक्स’ असं ठळक छापलेलं असतं. हा ‘पीक’ आकडा असतो, म्हणजे क्षणभरासाठी मिळू शकणारी, बऱ्याचदा फक्त कागदावरची ताकद. महत्त्वाचा आकडा असतो ‘आरएमएस’, म्हणजे सलग देता येणारी ताकद. अमेरिकेतल्या सीटीए-२००६ या मानकानुसार ही ताकद १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि आवाजातली विकृती १ टक्क्याच्या आत ठेवून मोजली जाते. ज्या डब्यावर हे मानक किंवा आरएमएसचा आकडा नाही, त्यावरच्या वॉटवर विश्वास ठेवायला आधार नसतो.

दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी एक सोपी तपासणी आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला लावलेले फ्यूज बघायचे. समजा, एकूण फ्यूज ३० अँपिअरचा आहे. गाडी चालू असताना साधारण १३.८ व्होल्ट मिळतात. ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॉट. ‘क्लास डी’ प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर यातले साधारण ८० टक्के स्पीकरपर्यंत पोहोचवतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे हातात आले जेमतेम ३३० वॉट. जुन्या ‘क्लास एबी’ प्रकारात तर सव्वादोनशेच्या आसपास. मग ‘२०००’ आले कुठून? उत्तर सोपं आहे: छापखान्यातून.

दुसरी गोष्ट म्हणजे वॉट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. ५०० वॉटचे १००० वॉट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. शिवाय बंद गाडीची छोटी जागा खालचे सूर आपोआप उचलून धरते. त्यामुळे हॅचबॅकमध्ये नीट जुळवलेले २०० ते ३०० वॉट आरएमएस बहुतेकांना पुरून उरतात.

ओहमचा घोळ काय आहे?

सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायरचं लग्न जुळतं ते ओहमवर. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप. ओहम जितके कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर भार जास्त.

अनेक सबवूफरमध्ये दोन कॉइल असतात. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर, म्हणजे पॅरलल जोडल्या तर २ ओहम होतात. एकामागोमाग, म्हणजे सीरिजमध्ये जोडल्या तर ८ ओहम. सबवूफर एकच, पण दोन जोडण्यांमध्ये चौपट फरक. २ ओहमपर्यंतच झेपणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला १ ओहमचा भार लावला तर तो तापतो, ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लावून बंद पडतो किंवा जळतो. उलट २ ओहमवर ५०० वॉट देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला ८ ओहम जोडले, तर त्याची बरीचशी ताकद वापरातच येत नाही.

इथूनच दुसरी चूक सुरू होते. आवाज कमी वाटतो म्हणून ‘गेन’ पूर्ण फिरवला जातो. गेन हे व्हॉल्यूमचं बटण नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी ते असतं. गेन जास्त झाला की आवाजाच्या लहरीचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. अशा वेळी कॉइलमध्ये उष्णता साठत जाते आणि शेवटी ती जळते. त्यामुळे ‘मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरनेच वूफर उडतो’ हा समज अर्धाच खरा आहे. पूर्ण पिळलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायरही वूफर उडवू शकतो.

आगीचा धोका नेमका कुठे असतो?

सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते वायरकडे, आणि सगळ्यात मोठा धोकाही तिथेच असतो.

५०० वॉट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर साधारण ४५ अँपिअर करंट ओढतो. छोट्या गाड्यांचा अल्टरनेटर साधारण ७० ते ९० अँपिअरचा असतो आणि त्यावर एसीचा पंखा, हेडलाइट, इंजिनची यंत्रणा असा सगळा संसार चालतो. गाण्यात बेस सलग नसतो, त्यामुळे सरासरी करंट बराच कमी राहतो. तरीही १००० वॉटची इच्छा म्हणजे नव्वद अँपिअरची मागणी, हे लक्षात ठेवायला हवं. ठोक्याबरोबर हेडलाइट मिचकावत असतील तर यंत्रणेची कुवत संपली, असं समजायचं.

बॉनेटमधल्या बॅटरीपासून डिक्कीपर्यंत चार-पाच मीटर वायर लागते. ५०० वॉटसाठी तांब्याची ४ गेजची, म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटरची वायर योग्य. पण स्वस्त किटमध्ये अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. ती तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच वीज वाहून नेते. काही वायरींवर रबर जाड आणि आतला धातू बारीक असतो. ‘४ गेज’ असं छापलेलं असलं तरी टोक सोलून बघायला हरकत नाही.

आता फ्यूज. अ‍ॅम्प्लिफायरवर फ्यूज आहे, मग आणखी कशाला, असं अनेकांना वाटतं. पण तो फ्यूज डिक्कीत असतो. मधल्या चार-पाच मीटरचं काय? ती वायर सीटच्या रुळाखाली घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि वायर काही क्षणांत तापून पेटू शकते. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून साधारण दीड फुटाच्या आत मुख्य फ्यूज हवाच. तो वायरला झेपेल इतकाच असावा. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे धोक्याची घंटा काढून फेकणं. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट लावणं आणि अर्थिंगची वायर रंग खरवडून थेट धातूवर घट्ट बसवणं, ही दोन कामं स्वस्त आहेत. वेळ वाचवण्यासाठी नेमकी तीच टाळली जातात.

नवी मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्याही भरपूर आहेत. सीएनजी गाडीच्या डिक्कीत सिलिंडर असतो. काही नव्या मॉडेलमध्ये दोन छोटे सिलिंडर खाली बसवून वर जागा मोकळी ठेवलेली असते. कोणत्याही रचनेत सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा गॅसची नळी झाकली जाईल असा खोका ठेवणं, त्याच्या आसपास स्क्रू मारणं किंवा सैल जोड ठेवणं धोक्याचं आहे. अशा गाडीसाठी सीटखाली बसणारा छोटा सबवूफर हा शहाणपणाचा पर्याय.

खोका इतका महत्त्वाचा का?

सबवूफरचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा मागे हवेचा दाब कमी होतो. पुढची आणि मागची लहर एकमेकींत मिसळली तर दोघी एकमेकींना मारतात आणि बेस उरतच नाही. त्यांना वेगळं ठेवण्याचं काम खोका करतो.

बंद, म्हणजे सील्ड खोका छोटा असतो. १२ इंची वूफरला साधारण २५ ते ३५ लिटर पुरतात आणि ठोका आटोपशीर येतो. भोक असलेला, म्हणजे पोर्टेड खोका त्याच ताकदीत जास्त वाजतो, पण त्याला साधारण ५० ते ७० लिटर जागा लागते आणि पोर्टची लांबी मोजून ठरवावी लागते. पोर्ट ज्या सुरावर जुळवलेला असतो, त्याच्या खाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही आणि तो फाटेपर्यंत हलू शकतो. त्यासाठी सबसॉनिक फिल्टर लागतो. नेमकं माप कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ‘सगळ्यांना हाच बसतो’ असं म्हणून दिलेला तयार खोका चांगल्या वूफरलाही मातीमोल करू शकतो. खोका साधारण १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा असावा. खाडीकाठच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात एमडीएफ फुगतं, त्यामुळे त्याच्या कडा सील करून घेणं गरजेचं.

खिडकी हादरते, मग यंत्रावर आकडा का दिसत नाही?

हा या प्रकरणातला सगळ्यात कमी चर्चिला गेलेला भाग आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० आहे. पण हे साधे डेसिबल नाहीत. ते ‘ए’ मापनपट्टीवरचे आहेत. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून ही पट्टी त्यांची मोठी वजावट करते. ६३ हर्ट्झला साधारण २६ डेसिबल, तर ४० हर्ट्झला जवळपास ३५ डेसिबल वजा होतात.

याचा अर्थ काय? खिडकीपाशी ४० हर्ट्झचा ८० डेसिबलचा ठोका येत असेल, तर ‘ए’ पट्टीवर तो साधारण ४५ दिसेल. म्हणजे रात्रीच्या मर्यादेत बरोबर बसणारा! त्यात ही मर्यादा काही काळाच्या सरासरीवर ठरते, त्यामुळे वीस सेकंदांत निघून जाणारी गाडी त्या सरासरीत विरघळते. बंद काचा गाण्याचे वरचे सूर बऱ्यापैकी अडवतात. पण ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते. काच काय, भिंतही तिला पुरती अडवू शकत नाही. म्हणून गाणं गाडीतच राहतं आणि ठोका तिसऱ्या मजल्यावर पोहोचतो. ‘सी’ मापनपट्टीवर ४० हर्ट्झची वजावट फक्त २ डेसिबलच्या आसपास असते, पण आपली मर्यादा त्या पट्टीवर ठरलेली नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी कुर्ल्याच्या नेहरूनगर आणि चुनाभट्टी परिसरातल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. प्रकरण प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांचं होतं. आवाजाची मर्यादा ध्वनियंत्रणेतच बसवण्याचा विचार सरकारने करावा, असं न्यायालयाने त्यात सुचवलं. कल्पना चांगली आहे. पण अशी यंत्रणा ‘ए’ पट्टीवरच चालली, तर बेस तिच्याही हातून निसटेल.

मग कायदा हतबल आहे का?

तसं नाही. ध्वनिप्रदूषण नियमांत ‘कार ऑडिओ’ असा वेगळा उल्लेख नाही, पण रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक आणि ध्वनिवर्धक यंत्रणा वापरण्यावर बंदी आहे. बंदिस्त सभागृहांसारखे मोजके अपवाद आहेत. एरवी तक्रारीसाठी आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त असावा लागतो. रात्रीच्या बंदीचा भंग मात्र स्वतंत्रपणे तक्रारीला पुरेसा आहे. गाडी उभी करून, दारं उघडी टाकून वाजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असू शकतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाचे मानक मोडणारं वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. डिक्कीत खोका ठेवणं वेगळं आणि त्यासाठी मागची सीट काढणं, पत्रा कापणं वेगळं.

थोडक्यात, पैसे देण्याआधी दुकानदाराला पाच गोष्टी विचारायच्या : आरएमएस किती, जोडणीनंतर ओहम किती, वायर तांब्याची आहे का, मुख्य फ्यूज बॅटरीपाशी बसणार का आणि खोक्याचं माप माहितीपत्रकाप्रमाणे आहे का? कंपनीची मूळ वायरिंग न कापता कपलरने जोडणी करायला सांगायची, नाहीतर वॉरंटीचा वाद उभा राहू शकतो. विमा कंपनीलाही या अ‍ॅक्सेसरीजची माहिती द्यायची.

आणि शेजाऱ्यांनी? ‘आवाज मोठा आहे’ एवढंच न सांगता वेळ, ठिकाण आणि गाडीचा क्रमांक लिहून ११२ वर तक्रार करायची. बेसच्या बाबतीत रात्री १० नंतरचं घड्याळ डेसिबलच्या यंत्रापेक्षा भक्कम पुरावा ठरतं.