मनाची आज्ञावली : एक व्याकरणदोष

मनाचे 'प्रोग्रॅमिंग' करता येते, ही समजूत आता प्रयोगशाळेच्या बाहेर पडून लोकव्यवहारात स्थिरावली आहे. व्यक्तिमत्त्वविकासाची शिबिरे, यशाचे मार्ग सांगणारी पुस्तके आणि परीक्षार्थींपुढील व्याख्याने यांतून ती इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, ते एक रूपक आहे याचाही विसर पडावा. मन म्हणजे यंत्र, विचार म्हणजे आज्ञा, सवय म्हणजे आज्ञावली आणि दुःख म्हणजे आज्ञावलीत राहून गेलेली चूक, असे हे समीकरण आहे. या समीकरणाला जी भाषा लागेल ती मात्र त्याच्या पुरस्कर्त्यांनी कधी दाखवलेली नाही. ती दाखवता येणारही नाही. कारण मनाला हुकूम सोडण्याची भाषा ही कल्पना व्याकरणाच्या पहिल्याच कसोटीवर हास्यास्पद ठरते.

या कल्पनेचे कुळ थोर आहे, हे मान्य केले पाहिजे. विचारांची मुळाक्षरे शोधून त्यांच्या जुळणीने सारे वाद गणिताप्रमाणे सोडवावेत, हे स्वप्न लायब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञाने उराशी बाळगले होते. त्याचा आरंभ त्याच्या १६६६ मधील ग्रंथात दिसतो. १६६८ मध्ये इंग्लंडमधील जॉन विल्किन्स यांनी अखिल विश्वाची ४० वर्गांत विभागणी करून एक तात्त्विक भाषा रचली. १८५४ मध्ये जॉर्ज बूल यांनी विचाराचे नियम बीजगणितात मांडले आणि त्या बीजगणितावर पुढे संगणक उभा राहिला. परंतु या विचारवंतांना तर्काचे साधन हवे होते. १९७५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी 'न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग' या भारदस्त नावाने जे सुरू केले, त्यात साधनाची जागा वशीकरणाने घेतली. त्याच्या मूळ दाव्यांना प्रायोगिक मानसशास्त्रात भक्कम आधार मिळाला नाही. शिबिरांना मात्र गर्दी मिळाली.

आता ही कल्पित भाषा क्षणभर अस्तित्वात आहे असे धरून चालावे. मराठी व्याकरण क्रियापदाचे चार अर्थ सांगते : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मनाच्या आज्ञावलीला यांतील आज्ञार्थ पुरतो, आणि संकेतार्थाचा एक सांगाडा. 'भीती वाटली, तर दीर्घ श्वास घे.' 'आई गेली असेल, तर तेरा दिवस रड, नंतर थांब.' शास्त्राने घालून दिलेले तेरा दिवस हीही आज्ञावलीच नव्हे काय, असा प्रश्न येथे कोणी करील. तसे नाही. विधी शोकाला अवकाश देतो, सोबतीला माणसे देतो. चौदाव्या दिवशी दुःख संपले पाहिजे, असा दंडक तो घालत नाही.

संकेतार्थाचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'पाऊस वेळेवर पडला असता, तर कर्ज फिटले असते.' यंत्राच्या दृष्टीने येथे अट असत्य आहे. म्हणून पुढचा भाग ओलांडून जावयाचा. मन नेमके येथेच थांबते. पाऊस पडला नाही हे पुरते ठाऊक असतानाही ते त्या न घडलेल्या पावसात उभे राहते. पश्चात्ताप, स्वप्न, शोकांतिका आणि कादंबरी यांचा जन्म याच असत्य अटीच्या पोटी झाला आहे. आणि इच्छा, कर्तव्य, शक्यता, योग्यता या छटा एकाच रूपात सामावणारा विध्यर्थ तर या भाषेत प्रवेशच करू शकत नाही. 'त्याने यावे' या दोन शब्दांत प्रार्थना आहे की अपेक्षा, हे बोलणाऱ्यालाही नेहमी सांगता येत नाही.

ही विसंगती संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीच विनोदाने उघडी पाडली आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे डॉन वूड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी 'इंटरकॅल' नावाची संगणकभाषा निव्वळ विडंबन म्हणून रचली. तीत अधूनमधून 'कृपया' असे लिहावे लागते. हा शब्द फार थोड्या वेळा आला, तर आज्ञावली उद्धट म्हणून नाकारली जाते. फार वेळा आला, तर लाचार म्हणून. आर्जवाची अशी मोजदाद हास्यास्पद आहे, हे त्या विद्यार्थ्यांना कळले होते. समर्थ रामदासांना तर मनाशी बोलण्यासाठी २०५ श्लोक रचावे लागले. त्यांत आज्ञार्थी क्रियापदे विपुल आहेत. परंतु मनाला सज्जन मानून केलेल्या समजावणीचा तो सूर आहे. मन आज्ञाधारक असते, तर एक श्लोक पुरला असता.

पूर्वपक्षाचा शेवटचा आधार संस्कृत भाषेचा असतो. १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज या संशोधकाने भारतीय वैयाकरणांच्या वाक्यविश्लेषणाचे यंत्रातील ज्ञानमांडणीशी असलेले साम्य दाखवले. लेख अभ्यासनीय होता. पण त्यातून 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्कृष्ट भाषा ठरली' अशी दंतकथा निघाली, आणि मंत्र म्हणजे मनाची आज्ञावली हा निष्कर्षही तिच्या पाठोपाठ आला. या दंतकथेचे खंडन परंपरेतच आहे. घट हवा असणारा कुंभाराकडे जातो, पण शब्द हवा म्हणून वैयाकरणाच्या घरी कोणी जात नाही, असा आशय महाभाष्यात पतंजलीने मांडला आहे. शब्द लोकव्यवहारात आधीच सिद्ध असतात. व्याकरण त्यांचे अनुशासन करते. पाणिनीची सुमारे ४००० सूत्रे बोलणाऱ्याला काय म्हणावयाचे ते सांगत नाहीत.

१९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' ही संभाषण करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. ती समोरच्याचेच वाक्य उलटून प्रश्न म्हणून परत करी. तरीही माणसे तिच्याजवळ मन मोकळे करू लागली, आणि खुद्द निर्माता अस्वस्थ झाला. तिचे नाव बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' मधील फुलवालीवरून घेतले होते, पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' मधील मंजुळा ही तिचीच मराठी बहीण. नाव ठेवताना नाटकाचा शेवट मात्र नजरेआड झाला असावा. शॉ यांची एलायझा प्राध्यापकाने शिकवलेले उच्चार आत्मसात करते, आणि त्याच उच्चारांत त्याला स्वतःचे मत सुनावते.

आजची संवादयंत्रे तर उलटी साक्ष देतात. नियम आणि आज्ञा लिहून भाषा साधली नाही. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर यंत्राला पोसावे लागले, आणि आता त्याच्याशी साध्या मराठीतही बोलता येते. यंत्र माणसाच्या भाषेकडे येत असताना माणसाने यंत्राच्या जुन्या भाषेत स्वतःच्या मनाशी बोलावे, हा शहाणपणा कोणता?

हा वाद केवळ रूपकाचा असता, तर त्यासाठी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. परंतु दुःख ही आज्ञावलीतील चूक मानली की, ती दुरुस्त करण्याची जबाबदारी दुःखिताचीच ठरते. नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या शाळेत शिक्षक होते काय, हे विचारावे लागत नाही. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याला विचार बदलण्याचा सल्ला दिला की, पिकाच्या भावाविषयी बोलण्याचे कारण उरत नाही. आज्ञार्थ ही सत्तेची आवडती क्रियारूपे. तीच माणसाने स्वतःवर चालवावीत, यासारखी सत्तेची दुसरी सोय नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने म्हणूनच विध्यर्थाचा आणि संकेतार्थाचा कैवार घेतला पाहिजे. 'असे व्हावयास हवे होते' हे वाक्य ज्या समाजाला चूक वाटू लागते, त्याला 'असे का झाले नाही' हा प्रश्नही पुढे सुचेनासा होतो.