जिंकलेल्या युद्धाचा बोजा

अमेरिकन क्रांतीची गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा बोस्टनच्या बंदरात सुरू होते. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या आणि तिथून स्वातंत्र्ययुद्धाकडे वाटचाल झाली, असे आपण शिकतो. परंतु या संघर्षाचे मूळ शोधायचे तर दहा वर्षे मागे, १७६३ च्या पॅरिस तहापर्यंत जावे लागते. ओहायोच्या खोऱ्यापासून पाँडिचेरीपर्यंत ब्रिटन आणि फ्रान्स एकमेकांशी लढले, त्या सप्तवार्षिक युद्धाचा हा शेवट. कॅनडा फ्रान्सच्या हातून गेला आणि भारतातले त्याचे राजकीय बळही खचले. ब्रिटन एवढे बलाढ्य यापूर्वी कधीच नव्हते. तरीही अवघ्या वीस वर्षांत त्याने अमेरिकेतल्या तेरा वसाहती गमावल्या. माझ्या मते हा त्या विजयाचाच परिणाम होता.

युद्धाने ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळपास दुप्पट होऊन १३ कोटी पौंडांच्या घरात गेले होते. जिंकलेला मुलूख सांभाळायला अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचे ठरले आणि त्यांच्या खर्चाचा काही भाग वसाहतींकडून वसूल करण्याचे लंडनने योजले. म्हणून १७६४ मध्ये साखरेवरील जकातीचा कायदा आला आणि १७६५ मध्ये कागदपत्रांवर मुद्रांक शुल्क बसले. दुसऱ्या बाजूला १७६३ च्या राजघोषणेने ॲपलाचियन डोंगररांगेपलीकडे वस्ती करण्यास मनाई केली. ज्या जमिनीसाठी आपण लढलो ती आपल्याला मिळणार नाही आणि लढाईचा खर्च मात्र आपल्याच माथी, असे वसाहतवाल्यांना वाटू लागले. त्यातच उत्तरेकडून असलेली फ्रेंचांची धास्ती संपली होती. ब्रिटिश संरक्षणाची गरज ओसरली, नेमकी त्याच वेळी त्या संरक्षणाची किंमत मागितली गेली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अमेरिकेतला कर खुद्द इंग्लंडमधल्या करापेक्षा पुष्कळ हलका होता, मग हे बंड म्हणजे कांगावाच नव्हे काय? कर हलका होता हे खरे आहे, पण वादाचा मुद्दा रकमेचा नव्हता. १७६६ मध्ये मुद्रांक कायदा मागे घेताना संसदेने, वसाहतींवर हवा तो कायदा लादण्याचा आपला हक्क अबाधित असल्याचे जाहीर केले. १७७३ च्या चहा कायद्याने तर चहा स्वस्तच होणार होता. तरीही वसाहतींनी तो नाकारला, कारण तो विकत घेणे म्हणजे आपल्या संमतीवाचून बसवलेला कर मान्य करणे होते. कर्जात बुडालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला सावरण्यासाठी हा कायदा होता. तिने बंगालची कशी पिळवणूक केली, याच्या वार्ता अमेरिकेपर्यंत पोहोचल्या होत्या आणि वसाहतींची बाजू मांडणारे लेखक जॉन डिकिन्सन यांनी त्याच वर्षी तिचा दाखला देऊन देशबांधवांना सावध केले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राजघोषणेची रेषा मूळ रहिवाशांच्या भूमीला थोडेफार संरक्षण देत होती, ती वसाहतवाल्यांना खुपली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत गुलामांचे मालकही होते. तेव्हा या क्रांतीला सर्वांच्या मुक्तीचा लढा म्हणता येणार नाही. तिची कारणे शोधताना तिला पुण्याईचे प्रमाणपत्र देण्याची गरजही नाही. त्या कारणांकडेच पाहू. मुद्रांक कर ब्रिटनच्या कॅरिबियन बेटांवरही होता, पण ती फुटून निघाली नाहीत. तिथले मूठभर मळेवाले गुलामांच्या उठावाला घाबरून होते आणि शेजारी फ्रेंच बेटे होती, त्यामुळे त्यांना ब्रिटिश आरमार हवेच होते. तेव्हा नुसत्या करामुळे बंड झाले नाही. संरक्षणाची निकड संपली आणि संमतीचा प्रश्न उरला, तिथे ते झाले.

फ्रान्सने यातून धडा घेतला नाही. पराभवाचा सूड म्हणून त्याने १७७८ मध्ये अमेरिकेशी उघड तह केला, आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनेने शस्त्रे ठेवली ती फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवल्यामुळेच. या युद्धावर फ्रान्सचे एक अब्जाहून अधिक लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) खर्च झाले आणि आधीच पोखरलेली तिजोरी कोसळली. नव्या करांसाठी सोळाव्या लुईला मे १७८९ मध्ये धर्मगुरू, उमराव आणि सामान्यजन या तिन्ही वर्गांची सभा बोलवावी लागली आणि त्या सभेतूनच राजसत्तेला आव्हान मिळाले. फ्रान्समधल्या असंतोषाला इतरही कारणे होती, पण त्याला तोंड फोडले ते युद्धाच्या कर्जाने.

सत्तास्पर्धेत कोण जिंकले, एवढेच पाहून इतिहास वाचला तर अमेरिकन आणि फ्रेंच या दोन्ही क्रांत्या समजत नाहीत. स्पर्धेचा खर्च कोणी केला, तो कोणाकडून वसूल झाला आणि त्याला विचारले होते का, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. राष्ट्रांच्या चढाओढीसाठी आजही जनतेकडून त्याग मागितला जातो. तो मागणाऱ्या प्रत्येक सरकारला हेच प्रश्न विचारणे नागरिकांचे कर्तव्य आहे.