तेलंगणा की महाराष्ट्र? सातबारा नसलेल्यांनी हा हिशेब कसा करायचा

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात शेतीची चर्चा निघाली की तेलंगणाचे नाव हमखास येते. नांदेडच्या सीमेवरील धर्माबाद, बिलोली भागातल्या गावांनी 'आम्हाला तेलंगणात जाऊ द्या' अशी मागणी केली. 2023 मध्ये के. चंद्रशेखर राव यांनी नांदेड, लोहा आणि औरंगाबादला सभा घेतल्या. त्याच वर्षी 14 एप्रिलला हैदराबादेत बाबासाहेबांचा 125 फुटी पुतळा उभा राहिला आणि नव्या सचिवालयालाही त्यांचे नाव मिळाले. आपल्या तरुणांच्या मोबाईलवर ते फोटो फिरले. 'तिकडे बघा आणि इकडे बघा' ही भाषा जालन्याच्या वस्त्यांतही ऐकू येऊ लागली.

आम्ही जालना जिल्ह्यातील वस्त्यांमध्ये काम करतो. त्यामुळे ही तुलना आम्हाला टाळायची नाही. पण ती कोणाच्या बाजूने करायची, हे आधी ठरवले पाहिजे.

एकाच राज्याचे दोन तुकडे

1956 पर्यंत जालना आणि तेलंगणा एकाच हैदराबाद राज्यात होते. निजामी जहागिरी, देशमुखी आणि कोरडवाहू शेती हा वारसा दोघांचाही. भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तेलंगणा आंध्रात गेला. 2 जून 2014 रोजी तेलंगणा स्वतंत्र राज्य झाले.

त्यानंतर तिथल्या सरकारने शेतीवर खरेच मोठा पैसा ओतला. 2018 पासून शेतीला 24 तास मोफत वीज दिली. त्याच वर्षी 'रयतू बंधू' सुरू झाली. दर हंगामाला एकरी 4,000 रुपये थेट खात्यात येऊ लागले, पुढे ते 5,000 झाले. 18 ते 59 वयाच्या खातेदार शेतकऱ्याला 5 लाखांचा विमा मिळाला. विधवा आणि वृद्धांची पेन्शन 2019 मध्ये 2,016 रुपये झाली, तेव्हा आपल्याकडे निराधारांना 1,000 रुपये मिळत होते. ते 1,500 व्हायला 2023 उजाडले. 'मिशन भगीरथ'मधून घरोघरी नळाचे पाणी पोहोचवण्याचे काम झाले.

इकडे जालन्यात 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळाल्या. पोलाद आणि बियाण्यांच्या उद्योगासाठी देशभर नाव असलेल्या जालना शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून जातो, पण धरण भरले तरच कालवा वाहतो. धरण भरणे वरच्या नाशिक-नगरच्या धरणांवर अवलंबून. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटप सांगितले, 2016 मध्ये उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तरी कमी पावसाच्या वर्षी पाणी सोडण्यावरून भांडण होतेच. भोकरदन, जाफराबाद, मंठ्याच्या मोठ्या भागाला तर हा कालवाही नाही.

एवढे पाहिले तर तेलंगणाचे पारडे जड दिसते. सीमेवरच्या शेतकऱ्याची मागणी म्हणून समजण्यासारखी आहे.

पण मोजमाप एकराचे

'रयतू बंधू'चा पैसा ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच मिळाला. पन्नास एकरवाल्याला पन्नास एकरांचा आणि एक एकरवाल्याला एका एकराचा. जो दुसऱ्याची जमीन ठोक्याने किंवा बटईने करतो, त्याला काहीच नाही. मजुराचा तर प्रश्नच नव्हता. कालेश्वरम प्रकल्पावर ऐंशी हजार कोटींहून जास्त खर्च झाला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले. ते पाणी पोहोचले तरी पोहोचणार शेतातच. ज्याला शेत नाही, त्याच्या वाट्याला फार तर थोडी जास्त मजुरी.

महाराष्ट्राचेही तेच. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने जालन्यासह मराठवाडा झोडपला. सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. पिकाची भरपाई हेक्टरी. सोयाबीन, कापूस वाहून गेला म्हणजे काढणीची आणि वेचणीची मजुरीही वाहून गेली, पण त्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणी करत नाही. मग मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जाण्यावाचून त्या कुटुंबाला पर्याय राहत नाही. मुलांची शाळा तिथेच तुटते.

बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र-तेलंगणा सर्वोच्च न्यायालयात भांडले, 2013 मध्ये निकाल लागला. नाशिक आणि मराठवाडा आजही भांडतात. या भांडणांत आपण खालच्या बाजूचे म्हणून मराठवाड्याच्या हक्कासाठी उभे राहतो आणि राहिलेच पाहिजे. पण 2005 च्या कायद्यातही टंचाईच्या वर्षी किमान एक एकरापुरते पाणी देण्याची गोष्ट आहे ती भूधारकासाठी. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तो या हिशेबात येतच नाही.

भूमिहीनांसाठी दोघांनी काय केले

तेलंगणाने 2014 मध्ये भूमिहीन दलित कुटुंबाला तीन एकर देण्याची योजना आणली. ती रेंगाळली. 2021 मध्ये 'दलित बंधू' आली, कुटुंबाला 10 लाख रुपये, बँकेचे कर्ज नाही. तिची सुरुवात पोटनिवडणुकीच्या तोंडावर हुजुराबादमधून झाली, हे विसरता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये नव्या सरकारने भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षाला 12,000 रुपयांची योजना सुरू केली. शेतमजुराला शेतीच्या मदतीत मोजणे ही त्यातली नोंद घेण्यासारखी गोष्ट.

महाराष्ट्रात 2004 पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन, 2018 पासून शंभर टक्के अनुदानावर. कागदावर ही तेलंगणापेक्षा सरस. पण एकरी कमाल दर कोरडवाहूला 5 लाख आणि बागायतीला 8 लाख. समृद्धी महामार्ग गेल्यानंतर जालना, बदनापूर परिसरात या दराने जमीन विकायला कोण पुढे येईल? दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली 1964-65 च्या भूमी सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले. त्यांच्या नावाची योजना जमीन मिळत नाही म्हणून फायलीत पडून राहू नये.

माणशी पाण्याचा धडा आपल्याच राज्यात

पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्यात हक्क, आणि उसाला बंदी. 1927 मध्ये चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यावर माणूस म्हणून हक्क सांगितला होता. तोच हक्क इथे शेतीच्या पाण्यापर्यंत आला. म्हणजे आदर्श शोधायला हैदराबादला जायची गरज नाही. आणि माणशी मदत देणे सरकारला जमत नाही असेही नाही. 'लाडकी बहीण'चे 1,500 रुपये सातबारा न बघताच येतात.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे:

1. गायरान कसणाऱ्या कुटुंबांचे 14 एप्रिल 1990 पूर्वीचे पुरावे गोळा करा: दंडाच्या पावत्या, पीकपेरा, पंचनामे. 1991 चा शासन निर्णय अनुसूचित जाती-जमातींच्या अशा अतिक्रमणांसाठीच आहे. 2011 च्या जगपाल सिंग निकालाचा धाक दाखवून नोटीस आली तर घाबरू नका. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात नमूद आहे.

2. सबळीकरण योजनेचा दर बाजारभावाशी जोडण्याची मागणी प्रत्येक तालुक्यातून लेखी द्या.

3. अतिवृष्टी आणि दुष्काळाच्या मदतीत बुडालेल्या मजुरीची भरपाई मागा. ग्रामसभेत शेतमजूर कुटुंबांची यादी ठराव करून नोंदवून घ्या.

4. नव्या बंधाऱ्याची, तलावाची बैठक असेल तिथे वस्तीचा माणूस बसलाच पाहिजे, आणि त्याने माणशी पाण्याचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

उद्या कोणत्याही पक्षाचा नेता शेजारच्या राज्याचे गोडवे गात आला, तर त्याला एकच विचारा: तुमच्या योजनेत भूमिहीन मजुराच्या घरी वर्षाला काय येते? उत्तर आकड्यात मागा आणि लिहून घ्या.

जय भीम.